विहिरींतला दगड आणि वहींतला आंकडा

वैशाखाचे दिवस होते. या दिवसांत बारामतीस दुपारीं घराबाहेर पाऊल टाकणें म्हणजे कऱ्हेच्या तापल्या वाळूंत पाय भाजून घेणेंच. म्हणून घरांतील लहानथोर सर्व मंडळी माजघरांत गोळा झालेली असतात. कोणी आढींतले आंबे निवडतें, कोणी वाळवणांचे डबे भरतें, आणि आम्ही आरामखुर्चींत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून वाचीत असल्याचें सोंग करितों. अशा एका दुपारीं आमचा नातू प्रयोगवही घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, एवढें एकदां पाहून द्या. सुटींतला प्रकल्प आहे."

प्रकल्पाचा विषय होता, वरून सोडलेल्या वस्तूची गति दर सेकंदास किती वाढते हें स्वतः मोजून काढण्याचा. ज्या वाचकांची शाळा सुटून बरीच वर्षें झालीं असतील त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. हातांतून सुटलेला दगड आरंभापासून अखेरपर्यंत एकाच वेगानें पडत नाहीं. पहिल्या सेकंदाच्या शेवटीं त्याचा वेग सेकंदास सुमारें ९.८ मीटर होतो, दुसऱ्याच्या शेवटीं त्याच्या दुप्पट, तिसऱ्याच्या शेवटीं तिप्पट. या वाढीस गुरुत्वत्वरण असें नांव आहे. तें काढण्याची रीत सोपी आहे. दगड किती उंचीवरून सोडला तें मोजावें, पडावयास किती काळ लागला तो मोजावा, मग उंचीच्या दुपटीस काळाच्या वर्गानें भागावें. मात्र वस्तु जड व आटोपशीर हवी. पिसाला किंवा कागदाला हवा अडविते, लोखंडाला या उंचीवर फारशी अडवीत नाहीं.

वही पाहिली. अक्षर सुरेख, रेघा सरळ. उंची नऊ मीटर, म्हणजे आमच्या गच्चीचा कठडा ते अंगण. दहा वेळां वजन सोडलेलें, आणि दहाही वेळचा काळ १.३५ अथवा १.३६ सेकंद. उत्तर ९.८०. त्याखालीं दुहेरी रेघ.

आमची सारी उमर वह्या तपासण्यांत गेली. चोराचीं पावलें जशीं जमादारास दिसतात तशा कांहीं गोष्टी आम्हांस न शोधतां दिसतात. पंधरा वर्षांच्या मुलानें एका हातानें वजन सोडावें, दुसऱ्या हातानें मोबाइलमधील घड्याळ दाबावें, आणि दहा खेपांत एका शतांश सेकंदाहून अधिक फरक पडूं नये, हें मनुष्याच्या बोटांचें काम नव्हे. आम्हीं म्हटलें, "बाळ, कच्ची वही आण पाहूं."

कच्ची वही आली. पण तिच्याबरोबर मान खालीं घातलेला नातू आला. तींत आंकडे होते ते असे : १.४४, १.६१, १.५०, १.५५, आणि असेच पुढें. सरासरी १.५२ सेकंद. त्यावरून निघणारें उत्तर ७.८.

"७.८ लिहिलें तर मार्क जातात, आजोबा," तो म्हणाला. "म्हणून उत्तरावरून मागें येत काळ काढला. सगळेच तसें करतात."

वाचकांस वाटेल, आतां म्हाताऱ्यानें सत्यावर एक व्याख्यान झोडलें असेल. आम्हीं तसें केलें नाहीं. करण्यास तोंड नव्हतें. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आम्ही संस्कृताचे शिक्षक. ज्या शाळेंत आम्ही होतों तेथें एका वर्षीं विज्ञानाची जागा रिकामी राहिली, आणि तो विषय आमच्या गळ्यांत पडला. लंबकाच्या झोक्यांवरून हाच आंकडा काढण्याचा प्रयोग होता. शेवटच्या बांकावर बसणाऱ्या एका मुलाचें उत्तर आलें ९.३. आम्हीं तांबड्या शाईनें 'चूक, पुन्हां करा' असा शेरा दिला. त्यानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, उत्तर आधींच ठरलेलें असेल तर झोके कशाला मोजायचे?" आम्हीं त्यास खालीं बसविलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें ९.८ आणून दाखविले, आणि आम्हीं 'उत्तम' असें लिहिलें. त्या मुलाच्या पहिल्या वहींत चूक एवढीच होती कीं ती खरी होती. तो शेरा आम्हांस अजून दिसतो. नातवानें जें केलें त्याचा धडा असल्याच कोणा गुरुजीनें दिलेला असणार.

तेव्हां रागें भरण्याऐवजीं आम्हीं त्यास सांगितलें, "उद्यां सकाळीं उन्हें चढण्याआधीं आपण दोघे पुन्हां मोजूं. जें येईल तें लिहूं. मग ७.८ कां येतात तें शोधूं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांत वाळूचा ढीग केला. जुन्या तराजूचें अर्ध्या किलोचें लोखंडी वजन घेतलें. ढिगाच्या आसपास कोणी फिरकूं नये म्हणून धाकट्या नातीस दूर ओसरीवर पहाऱ्यास बसविलें. नातू गच्चीवर, आम्ही त्याच्या शेजारीं.

घड्याळ नव्हतें तेव्हां एवढा लहान काळ आपले लोक कसा मोजीत, असें त्यानें सहज विचारलें, आणि आमच्यांतला संस्कृत शिक्षक जागा झाला. आर्यभटाच्या इसवी सन ४९९ च्या ग्रंथांत काळाचें माप अक्षरांत दिलेलें आहे. साठ गुरु अक्षरें उच्चारण्यास लागणारा काळ ती एक विनाडिका. साठ विनाडिकांची एक नाडिका, म्हणजे आपली घटका. आणि साठ घटकांचा अहोरात्र. हिशेब केला तर एक गुरु अक्षर म्हणजे बरोबर ०.४ सेकंद होतें. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं जन्मभर आर्या रचिल्या, त्या गांवांत हें माप समजावून देणें कठीण नाहीं. गुरु अक्षराच्या दोन मात्रा. आर्येचा पहिला चरण बारा मात्रांचा. म्हणजे शास्त्रोक्त गतीनें म्हटला तर २.४ सेकंदांचा. तेवढ्या अवकाशांत दगड २८ मीटर खालीं जातो. आम्हीं वजन सुटतांच 'आ, आ, आ' असे दीर्घ स्वर मोजले. चौथा 'आ' तोंडांत अर्धा असतांना वाळूंत धप्प झालें. नात ओसरीवरून इतकी हंसली कीं पहारा राहिला बाजूस.

गंमत झाली, परंतु अर्ध्या 'आ'वरून शतांश सेकंद कळत नाहीं. मोबाइलच्या घड्याळानें दहा वेळां मोजलें. सरासरी पुन्हां १.५२. मग पहिल्या मजल्याच्या सज्जांतून, बरोबर चार मीटरांवरून, दहा वेळां वजन सोडलें. सरासरी १.०७. त्यावरून उत्तर निघालें ७.०. आतां तर पंचाईत वाढली. पुस्तकांत ९.८, गच्चीवर ७.८, आणि सज्जांत ७.० ! एकाच घरांत पृथ्वीचें ओढणें दोन प्रकारचें कसें असेल?

दुपारीं माजघरांत ही चर्चा चालली असतां आमची थोरली सून भाजी निवडीत होती. ती म्हणाली, "मामंजी, दोन्ही वेळां चूक एकच असेल तर? वजन तो स्वतःच सोडतो, म्हणून घड्याळ सुरू होतें वेळेवर. पण वाळूस टेकलेलें दिसल्यावर बोट दाबलें जाईपर्यंत कांहीं क्षण जातातच. मंडईंत टोपलीसकट दोनदां तोललें तर टोपलीचें वजन वजाबाकींत निघून जातें, तसें येथें करतां येणार नाहीं का?"

आम्हीं कपाळावर हात मारून घेतला. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. चाराचें वर्गमूळ दोन, नवाचें तीन. म्हणजे गुरुत्वत्वरणाचा आंकडा कांहींही असो, सज्जावरून लागणारा खरा काळ दोन भाग, आणि गच्चीवरून लागणारा तीन भाग असलाच पाहिजे. दोहोंतील फरक हा बरोबर एक भाग. बोटाचा उशीर दोन्हींकडे सारखा असल्यानें वजाबाकींत तो नाहींसा होतो. १.५२ मधून १.०७ गेले, राहिले ०.४५. हा एक भाग. म्हणून खरे काळ ०.९० आणि १.३५. दोन्हींकडे जास्तीचा उशीर निघाला ०.१७ सेकंद. आतां आठास ०.९० च्या वर्गानें भागा किंवा अठरास १.३५ च्या वर्गानें भागा, उत्तर एकच : ९.८८.

नातवाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तो म्हणाला, "पण आजोबा, ही सुद्धां जुळवाजुळवच झाली कीं ! मीं एका रीतीनें ९.८ आणले, काकूनें दुसऱ्या रीतीनें."

हा प्रश्न ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो कोणत्याही उत्तरानें झाला नसता. कारण शेवटच्या बांकावरील तो मुलगाच जणूं पुन्हां उभा राहिला होता. या वेळीं आम्हीं त्यास खालीं बसविलें नाहीं. त्याला म्हटलें, "तूं काळ बदललास तो पुस्तकांतलें उत्तर पाहून. काकूनें काळ दुरुस्त केला तो चुकीचें कारण सांगून. उत्तर काय यावें याचा त्यांत कोठें संबंध नाहीं. शिवाय कारण खरें असेल तर तें दुसऱ्या ठिकाणींही खरें ठरलें पाहिजे. तेव्हां ०.१७ चा हा उशीर आपण नव्या जागीं पारखून पाहूं. तेथें उत्तर कोणत्याच पुस्तकांत छापलेलें नसेल."

त्या रात्रीं त्याला आम्हीं इटलींतल्या एका विद्वानाची हकीकत सांगितली. रिच्चोली हा येशूसंघाचा धर्मगुरु. गॅलिलिओचें पृथ्वी फिरते हें मत त्याला मान्य नव्हतें, आणि पडणाऱ्या वस्तूंविषयींचा गॅलिलिओचा नियमही चुकीचा ठरेल अशा अपेक्षेनें त्यानें मोजमापास आरंभ केला. बोलोन्या शहरांतील असिनेल्ली नांवाचा मनोरा सुमारें ९७ मीटर उंच आहे. त्याच्यावरून ग्रिमाल्डी या सोबत्याच्या मदतीनें त्यानें गोळे सोडले. त्या काळीं सेकंद दाखविणारें भरंवशाचें घड्याळ नव्हतें. म्हणून त्यानें लंबक टांगला, आणि त्याचे झोके दिवसरात्र आपल्या संघबंधूंकडून आळीपाळीनें मोजवून घेतले. दिवसाला जितके सेकंद तितके झोके तंतोतंत यावेत अशी त्याची खटपट होती. ते तंतोतंत आले नाहींत. जे आले ते त्यानें तसेच लिहून ठेवले. आणि मनोऱ्यावरील मोजणीचा निकाल लागला तो गॅलिलिओच्या बाजूनें ! पडलेलें अंतर काळाच्या वर्गाप्रमाणेंच वाढत होतें. ही वार्ता रिच्चोली स्वतः गॅलिलिओच्या शिष्याकडे, कावालिएरीकडे, घेऊन गेला, आणि इसवी सन १६५१ मध्यें आपल्या मोठ्या ग्रंथांत सर्व आंकडे त्यानें छापले. पृथ्वीच्या भ्रमणाविषयीं त्याचें मत अखेरपर्यंत चुकीचेंच राहिलें. परंतु आपणांस नको असलेला आंकडा त्यानें खोडला नाहीं. यांतच त्याचा मोठेपणा आहे.

येथें आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, भास्कराचार्यांनीं गोलाध्यायांत पृथ्वी जड वस्तूंना आपल्या शक्तीनें ओढून घेते असें बाराव्या शतकांतच सांगितलें नाहीं काय? सांगितलें आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ती ओढ सेकंदागणिक किती, हें त्यांत मोजलेलें नाहीं. पूर्वजांचा अभिमान धरणाऱ्यानें निदान एकदां तरी गच्चीवरून दगड सोडून पाहावा, म्हणजे सांगणें आणि मोजणें यांतील अंतर त्याला समजेल.

नवी जागा आम्हीं ठरविली ती इंदापूर तालुक्यांतली, बारामतीहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर. तेथें आमच्या थोरल्या बहिणीचें घर आहे. इंग्रजी अमदानींत एकोणिसाव्या शतकांत काढलेला नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापुराकडे जातो, आणि जेथें त्याचें पाणी पोंचतें तेथें उंसाचे मळे दिसतात. परंतु आक्काचें शेत पडलें कालव्यापासून दूर, उंचवट्यावर. तेथें सर्व मदार विहिरीवर, आणि वैशाखांत विहीर तळास गेलेली.

विहिरींत दगड टाकावयाचे हें ऐकून आक्का प्रथम रागावलीच. "गंगेंत कोणी धोंडे मारतें का?" मग, पिण्याचें पाणी या विहिरींतून भरीत नाहींत, फक्त डाळिंबांस देतात, आणि दगड म्हणजे धुतलेले दहा गोटे, असें भाच्यानें समजाविल्यावर तिनें परवानगी दिली, वर मुलाला विहिरींत वाकूं देऊं नका, अशी ताकीदही दिली. कठडा छातीइतका उंच होता, तरी भाच्यानें नातवाच्या कमरेस हात घातला तो शेवटपर्यंत काढला नाहीं.

आमची अट एकच होती : आधीं हिशेब करून खोली कागदावर लिहावयाची, कागद आक्काच्या हातीं द्यावयाचा, आणि मग दोर सोडावयाचा. आक्का म्हणाली, "कागद कशाला? मी सांगतें, नऊ परसांवर पाणी आहे." परस म्हणजे पुरुषभर माप. तिचा अंदाज आम्हीं बाजूस लिहून घेतला.

दहा गोटे सोडले. आंत अंधार असल्यानें डोळ्यांनीं कांहीं दिसत नव्हतें. 'डुबुक्' ऐकूं आलें कीं बोट दाबावयाचें. सरासरी आली २.०४ सेकंद. त्यांतून बोटाचा उशीर ०.१७ वजा केला, राहिले १.८७. परंतु येथें आणखी एक हिशेब निघाला. पाण्याचा आवाज वर येण्यासही वेळ लागतो. आवाज सेकंदास सुमारें ३५० मीटर जातो, म्हणजे एवढ्या खोलींतून वर येण्यास सुमारें पांच शतांश सेकंद. तेही वजा जातां राहिले १.८२. यावरून, गच्चीवर आपण काढलेला ९.८८ हाच आंकडा धरून, खोली निघाली १६.४ मीटर. कागद आक्काच्या हातीं गेला. तिनें तो पदराच्या टोकास बांधला.

मग भाच्यानें दोरास वजन बांधून तो आंत सोडला. वजन पाण्यास टेकलें तेथें गांठ मारली, आणि दोर वर काढून अंगणांत टेपनें मोजला. १६.१ मीटर. आमच्या हिशेबाहून फूटभर कमी. शंभरांत दोनांची चूक. आक्काचे नऊ परसही तेथेंच येत होते, आणि तिला त्यांत कांहीं नवल वाटलें नाहीं.

नातवानें एक प्रश्न आपण होऊन काढला. पुस्तकांतला ९.८ घेऊन आणि २.०४ हा काळ तसाच धरून हिशेब केला असता तर? खोली आली असती २०.४ मीटर, म्हणजे चार मीटरांहून अधिक चूक ! आंकडा पुस्तकाचा, शंभर टक्के खरा. परंतु आपलें मोजणें न तपासल्यामुळें विहीर खोटी निघाली असती. हें त्याच्या मनावर जितकें ठसलें तितकें आमच्या कोणत्याही व्याख्यानानें ठसलें नसतें.

भाचा हें सर्व शांतपणें पाहत होता. त्यानें आम्हांस मोटारीच्या खोलींत नेलें. तेथें भिंतीवर कोळशानें महिन्यामहिन्याची पाण्याची खोली लिहिलेली होती, कित्येक वर्षांची. तो म्हणाला, "मामा, दुसऱ्या कोणत्याही कागदावर खोटें लिहून भागेल. या भिंतीवर नाहीं भागत. पाणी आहे त्याहून वर लिहिलें, आणि त्या भरंवशावर मोटर चालू ठेवली, तर ती हवा ओढते आणि जळते. विहीर मार्क देत नाहीं आणि कापीतही नाहीं."

घरीं परत आल्यावर नातवानें पक्की वही पुन्हां लिहिली. पहिलें पान फाडावें कीं ठेवावें, असें त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें, "तुझें तूं ठरव." त्यानें तें पान ठेवलें, त्यावर तिरपी रेघ मारली आणि खालीं लिहिलें, 'हे काळ मोजलेले नाहींत.' पुढच्या पानावर सर्व खेपांचे कच्चे आंकडे, त्यांची सरासरी, बोटाचा उशीर, आणि उत्तर ९.९. एवढ्यावर त्यास थांबवेना. सरासरींत अवघ्या दोन शतांश सेकंदांची चूक असेल तर उत्तर किती हलेल, हें त्यानें करून पाहिलें. तें नवाच्या आसपास उतरतें किंवा पावणेअकरापर्यंत चढतें. म्हणून त्यानें लिहिलें, 'उत्तर सुमारें ९.९, खरा आंकडा ९ आणि ११ यांच्या दरम्यान असावा.' आमचें उत्तर पुस्तकाच्या इतकें जवळ आलें यांत थोडा दैवाचाही वांटा आहे, हें त्याला त्यावरून आपोआप कळलें.

शेवटीं त्याला एक गंमत सांगितली. ९.८ हा आंकडा तरी सर्वत्र सारखा कोठें आहे? विषुववृत्ताजवळ तो ९.७८ भरतो, ध्रुवांजवळ ९.८३. बारामती अठराव्या अक्षांशावर, समुद्रापासून पांचशें मीटरांहून अधिक उंच. येथें तो ९.७८ च्या जवळपास येतो. म्हणजे ज्या ९.८० च्या पायीं त्यानें दहा काळ खोटे लिहिले, तो आंकडा आमच्या अंगणाचा नव्हताच !

गुण किती मिळतील तें आम्हांस ठाऊक नाहीं. एखादे वेळीं कमीही मिळतील. घरांतील वडील मंडळींस आमचें सांगणें एवढेंच कीं मुलानें वही पुढें केली तर आधीं उत्तर पाहूं नये. कच्ची वही मागावी. आणि तींत आंकडे वेडेवांकडे असतील तर त्याच्या पाठीवर हात ठेवावा. आम्हीं तो एकदां ठेवावयास हवा होता तेथें ठेवला नाहीं. तो मुलगा आतां पन्नाशीला आला असेल. हे शब्द त्याच्या वाचनांत आले तर त्यानें समजावें कीं त्याचें ९.३ बरोबर होतें, आणि 'चूक' हा शेरा गुरुजींनीं आज आपल्या नांवापुढें लिहून घेतला आहे.